कुलूप पक्कं निघालं

ती केस अजून माझ्या डोक्यातून गेलेली न्हाय. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. बाकीच्या केसेस एकात एक मिसळून गेल्या, कुठली मारामारी कुठल्या गल्लीतली ते पण आता सांगता येत न्हाय. ही मात्र जशीच्या तशी हाय. कारण हिच्यात मी एका पोरीच्या घरात शिरून माझ्या हाताने एक ओळ लिहिली, आणि ती लिहिल्यावर तीन दिवस मला घास गिळवत नव्हता.

नावं मी कोणाचीच घेणार न्हाय. गाव भिवंडी, एवढं पुरे.

मी काय मोठी अधिकारी नव्हते. माझे मालक पोलिसात होते, ड्युटीवरच गेले, त्यांच्या जागी मला घेतलं. दोन मुलं पदरात आणि शिक्षण सातवी. हवालदार म्हणून रिटायर झाले. सातवीच्या पुढे शाळा झाली न्हाय, कारण माझी आई घरात कार्डं ओवायची आणि तिला माझे हात लागायचे. कार्डं म्हणजे काय ते सांगते, पुढे त्याचं काम हाय. लूमवर फुलांचं, वेलांचं कापड काढायचं तर जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या लागतात, त्यांना भोकं पाडलेली असतात. एक पट्टी म्हणजे कापडातला एक आडवा धागा. अशा शेकडो पट्ट्या नंबराप्रमाणे दोरीने ओवून माळ करायची, ती माळ लूमच्या डोक्यावर चढते आणि खाली फूल उतरतं. एक पट्टी उलटी ओवली तर फूल वाकडं येतं, आणि आईचा हात पाठीत बसतो. मी दहा वर्षांची असताना माझ्या बोटांना ती दोरी कापायची. असो.

ते वर्ष असं होतं की गावात नवीन नवीन कॉम्प्युटर आले होते. शेठ लोकांनी कागदावरची डिझाईनं सोडून कॉम्प्युटरवर काढायला घेतली होती. आमच्याकडे आला तो शेठ कपड्याचा मोठा व्यापारी, स्वतःचे लूम, आणि भारी संशयी माणूस. त्याच्याकडे कामाला जाणारी माणसं सांगायची, हा शेठ जाताना डबा पण उघडून बघतो, चपात्या उलटून बघतो.

तो आत आला तेव्हा मी ठाणे अंमलदाराच्या बाजूला बसलेली. हातात कापडाचे दोन तुकडे. साहेबांच्या टेबलावर त्याने ते शेजारी शेजारी अंथरले. आमचे साहेब म्हणजे स्टेशनचे पीआय. दोन्ही तुकड्यांवर तीच कुयरी, तीच वेल, तोच काठ. एक तुकडा शेठचा, अजून बाजारात गेलेलासुद्धा नव्हता, सीझनसाठी तिजोरीत ठेवलेला. दुसरा बाजारातून दलालाने आणून दिलेला, दुसऱ्या एका व्यापाऱ्याच्या लूमवर निघालेला. फरक एवढाच की शेठच्या कुयरीच्या देठाला दोन पानं होती आणि दुसऱ्यात एकच. शेठ बोलला, त्या चोराने मुद्दाम एक पान काढलंय, उद्या कोर्टात वेगळं दिसावं म्हणून. साहेबांना पटलं. मला पण पटलं.

शेठला दोन दिवसांपूर्वी एक फोन पण आला होता, नाव न सांगता. तुमचा माल तुमच्याच दारातून गेला, एवढं बोलून ठेवून दिला.

आता गोष्ट अशी की शेठने डिझाईनच्या फाईली कुलपात ठेवल्या होत्या. लोखंडी न्हाय, कॉम्प्युटरच्या आतलं कुलूप. एक सॉफ्टवेअरवाला होता, तिशीचा, चष्मा लावणारा, कल्याण रोडला त्याचं छोटं ऑफिस. त्याने ते बसवून दिलं होतं. फाईल कुलपात गेली की तिच्यातल्या फुलांचा असा काय भुगा होतो की कोणी चोरून नेली तरी त्याला नुसती रांगोळी विस्कटल्यासारखी दिसते. किल्ली म्हणजे एक शब्द. तो टाकला की फुलं परत जागेवर. हा शब्द दोघांनाच माहीत. एक शेठ, आणि दुसरी त्याच्याकडे डिझाईन काढणारी मुलगी.

साहेबांनी सॉफ्टवेअरवाल्याला बोलावलं. तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि छातीवर हात ठेवून बोलला की हजार वर्षं कोणी बसला तरी माझं कुलूप उघडणार न्हाय. साहेबांनी कागदावर तीन रेघा मारल्या. कुलूप तुटत न्हाय. किल्ली दोघांकडे. शेठ स्वतःच्या घरात चोरी करणार न्हाय. मंग उरलं कोण? नोकराने केलेला विश्वासघात, असं कलम लावून एफआयआर झाला.

मुलगी शेलार गावची, भिवंडीला लागूनच. वय बावीस-तेवीस. बाप न्हाय, आई सुकी मासळी विकणारी. मुलीने बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि त्या शेठकडे लागली. दोन वर्षं तिथे होती. साहेबांनी लगेच अटक केली न्हाय, नोटीस दिली, रोज सकाळी दहाला हजेरी. बाईमाणूस म्हणून तिच्यासोबत मी.

जबाब घ्यायला बसलो तेव्हा साहेबांनी तिला पहिलं विचारलं ते किल्लीचा शब्द काय. साहेबांनी परत विचारलं. मुलगी खाली बघून बोलली, "शेठने कोनाला सांगाचा नाय बोललाय, साहेब. शेठला विचारा, तो हो बोलला तर सांगते."

साहेब तापले. टेबलावर हात आपटून बोलले की तू पोलीस स्टेशनात बसलीयस, दुकानात न्हाय. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून तिचं बोट पांढरं पडलेलं. पण शब्द सांगितला न्हाय. शेवटी शेठला फोन लावला, त्याने हो म्हटलं, तेव्हा तिने कागदावर लिहून दिला. वर म्हणाली, हा कागद फाडून टाका मंग.

मी बाजूला उभी राहून बघत होते. माझ्या मनात आलं, जी पोलिसांना सांगत न्हाय ती बाजारात जाऊन सांगेल काय? पण मनात आलेलं स्टेशन डायरीत लिहिता येत न्हाय.

दुपारी तिला पाणी द्यायला गेले तर तिने विचारलं, "मावशी, मना आत टाकतील का?" मी बोलले अजून तपास चालू हाय. खोटं बोलायची सवय मला कधी लागली न्हाय आणि खरं सांगायची हिंमत नव्हती. आमच्याकडे आरोपीला असंच बोलतात, तपास चालू हाय.

संध्याकाळी साहेब चहा पीत होते तेव्हा मी विचारलं, साहेब, आपण कुलूप पक्कं धरून चाललोय. पण पक्कं हाय असं बोलणारा कोण? ज्याने विकलं तोच. साहेब माझ्याकडे बघत राहिले. चिडले न्हाय, हा त्यांचा गुण. बोलले, बाई, ते तपासायचं कोणी? तुम्ही तपासता? मी बोलले, मी कशी तपासणार, मला माउस धरता येत न्हाय, पण कोणीतरी माणूस असेल ना असली कुलपं उघडून बघणारा. साहेबांनी ठाणे शहरात, मोठ्या ऑफिसला फोन केला. दोन दिवसांनी तिकडून एक तपासणीस आले, बारीक, शांत, सोबत त्यांचं स्वतःचं मशीन.

त्या दोन दिवसांत सॉफ्टवेअरवाला मला गेटवर भेटला. चेहरा उतरलेला. मी त्याला सरळच बोलले, अरे बाबा, तुझं कुलूप कच्चं निघालं तर ती पोर वाचेल. तो बोलला, "बाई, कच्चं निघालं तर माझं ऑफिस बंद होईल. माझी बाकीची गिऱ्हाईकं त्या शेठपेक्षा संशयी आहेत. गोडाऊनवाले आहेत, एक डॉक्टर आहे. आणि पक्कं निघालं तर ती आत जाईल. मी कशासाठी देवाला हात जोडू, तेच कळत न्हाय मला." त्याच्याबद्दल मला तोवर राग होता. त्या दिवशी गेला.

तपासणीस आले ते थेट शेठच्या ऑफिसात बसले. मी मुलीला घेऊन बाहेरच्या बाकड्यावर. आत बोलणं चालायचं ते ऐकू यायचं आणि कळत नसेल ते मी नंतर विचारायचे. त्यांनी सॉफ्टवेअरवाल्याला पहिलं विचारलं की हे कुलूप तू तुझ्या डोक्याने बनवलंस काय? तो घाबरत बोलला की न्हाय, कुलपाची पद्धत जगात सगळ्यांना माहीत असलेली आहे, माझं फक्त वरचं खोकं. मला वाटलं, झालं, गेला हा. पण तपासणीस खूश झाले. मला बाहेर येऊन समजावून सांगितलं की घरी बनवलेलं गुप्त कुलूप असतं तर मी संध्याकाळपर्यंत उघडून घरी गेलो असतो. जी पद्धत सगळ्यांना माहीत हाय, हजारो लोकांनी तोडून बघितली आणि तुटली न्हाय, तीच धरायची. हजार वर्षं वगैरे जे बोलतात त्याला काय अर्थ न्हाय, विकणारे सगळेच बोलतात.

मंग त्यांनी बघितलं की कुलूप लावल्यावर मशीनच्या पोटात कुठे उघडी फाईल मागे राहते काय. न्हाय राहत. जुनी, आधीची एखादी? ती पण न्हाय, नवीन ठेवली की जुनीवर जाऊन बसते, जुनीचा मागमूस राहत न्हाय. मंग किल्लीवर आले. शेठच्या मुलांची नावं, बायकोचं नाव, कुलदैवत, गाडीचा नंबर, मुलीच्या घरची नावं, गावाचं नाव, सगळं मशीनला खायला घातलं आणि मशीन सुरू करून दिलं. मध्ये लाईट गेली की बॅटरी टूं टूं करायची आणि मुलगी दचकायची. मला आत वाटायचं, उघड रे बाबा, उघड एकदाचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मुलीला आत बोलावलं. शब्द तुझा की शेठचा, असं विचारलं. तिने सांगितलं, बनवला तिने. एवढा लांब का? ती बोलली की या सॉफ्टवेअरवाल्यांनी सांगितलं होतं आठ तरी अक्षरं पाहिजेत, मी बोलले जास्त टाकलेली काय वाईट, मंग मी एकवीस टाकली, अर्थ नसलेली, आणि पाठ करून शेठकडून पण पाठ करून घेतली. तपासणीसांनी एकवीसचा आकडा लिहून घेतला. मंग मशीन बंद केलं.

साहेबांना त्यांनी सांगितलं, "कुलूप पक्कं आहे. किल्ली त्याच्याहून पक्की आहे. ही फाईल कुलूप तोडून बाहेर गेलेली न्हाय, असं मी लिहून देतो. कोणी उघडून दिली काय, ते माझं मशीन सांगू शकत न्हाय."

पोरीने आपलं काम नीट केलं होतं, आणि म्हणूनच ती अडकली. आळशी असती, किल्ली म्हणून शेठच्या मुलाचं नाव टाकलं असतं, तर संशय दहा जणांवर गेला असता. बाकड्यावर ती माझ्या बाजूला येऊन बसली आणि विचारलं, "चांगला निघाला ना मावशी कुलूप?" तिला वाटलं चांगलं झालं. मी मान हलवली.

साहेबांनी घरझडतीचा हुकूम काढला. फ्लॉपी, सीडी, काय सापडतं बघा. तो गुरुवार होता. शेलारला दोन पंच घेतले आणि घरात शिरलो. पत्र्याचं घर, दोन खोल्या, शेणाने सारवलेलं, सुक्या मासळीचा वास दारातूनच. मुलीची आई चुलीपाशी उभी राहिली, हाताची घडी घालून. मी ट्रंक बघितली, कपडे झटकले, देवाचा फोटो उचलून मागे बघितलं. पुस्तकं होती कोर्सची, एक वही फुलांच्या चित्रांची. फ्लॉपी न्हाय, सीडी न्हाय. माझं मन हलकं व्हायला लागलं.

मंग मागच्या पडवीत गेले. तिथे बोंबलाच्या तीन पाट्या. झडती म्हणजे झडती, मी एक पाटी उचलून बोंबील बाजूला सारले. आणि तळाला हात लागला तशी माझ्या बोटांना ओळख पटली, डोळ्यांच्या आधी. पुठ्ठा, भोकं, कडेला दोरीचे आटे. कार्डांची माळ, घडी करून तळाला घातलेली. तिन्ही पाट्यांत.

पंच बाहेर अंगणात नाक धरून उभे होते. त्यांनी बघितलेलं नव्हतं. फक्त आईने बघितलं, की मी काय बघतेय. तिला माहीत नव्हतं ते काय हाय, पण माझा चेहरा बघून तिचा चेहरा बदलला. मला एवढंच करायचं होतं की बोंबील परत सारायचे आणि बोलायचं, काय न्हाय इथे. कोणाला कळलं नसतं. डिझाईनवाल्या शेठच्या नोकरणीच्या घरात डिझाईनची कार्डं. साहेब काय बोलतील ते मला तिथे उभ्या उभ्या ऐकू येत होतं.

किती वेळ उभी राहिले माहीत न्हाय. मंग पंचांना आत बोलावलं.

पंचनाम्यात मी लिहिलं, पडवीतील तीन पाट्यांच्या तळाशी भोकं पाडलेल्या कार्डांच्या तीन माळा मिळून आल्या. अक्षर माझं आधीच वाकडं, त्या दिवशी अजून वाकडं आलं. आईला विचारलं कुठून आणलीस, तर बोलली, नाक्यावरच्या भंगारवाल्याकडून, किलोवर. भोकांतून हवा लागते, बोंबील भिजत न्हाय. मी ते पण लिहिलं. ती मला शेवटी एवढंच बोलली, "बाय, मासली ठेवाला घेतलीत गो ती."

माळा पाकिटात घालून लाखेचं सील केलं. स्टेशनात मुद्देमालाच्या खोलीत ठेवल्या तर ठाणे अंमलदाराने मला ऐकवलं की बाई, खुनाचा मुद्देमाल बरा, त्याला एवढा वास नसतो. सगळे हसले. मी हसले न्हाय.

साहेब बोलले, झालं, फाईल पण द्यायची आणि कार्डं पण न्यायची. उद्या अटक दाखवू. मी बोलले, साहेब, चोरलेला माल कोणी मासळीखाली घालून बाजारात घेऊन बसेल काय? साहेब बोलले, बाई, तुमचं मन कोर्टात चालत न्हाय. मी बोलले, मन न्हाय साहेब, भंगारवाला चालेल ना? तिने नाव सांगितलंय, तपासायला नको? साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि मला शनिवारपर्यंत दिलं.

शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात. ज्याने तो आवाज आयुष्यभर ऐकलाय त्याला शुक्रवारचं गाव आजारी माणसासारखं वाटतं. मी त्या शांततेत चालत नाक्यावर गेले. भंगारवाला तराजू पुसत बसला होता. युनिफॉर्म बघून त्याने आधी सांगितलं की माझ्याकडे चोरीचा माल न्हाय. मी बोलले पुठ्ठ्याची कार्डं कोण देतं? त्याने सहज सांगितलं, त्या शेठच्याच कारखान्यातून. दर आठवड्याला गेटवरून गोणी उचलतो, बिलाची पावती पण हाय. त्या बोंबीलवालीने नेली ती कार्डं आठवतात काय, विचारलं. तर तो बोलला आठवतात, कारण ज्या गोणीतली ती होती ती गोणीच त्याआधी एक जॅकार्डचा, म्हणजे लूमवरच्या कार्डांच्या यंत्राचा फिटर घेऊन गेला होता, दोन दिवसांनी परत आणून टाकली, काय कामाची न्हाय बोलला, आणि बदल्यात काय मागितलं पण न्हाय. फिटर कुठला? त्याने ज्या व्यापाऱ्याचं नाव घेतलं तो तोच, ज्याच्या लूमवरचा तुकडा दलालाने शेठला आणून दिला होता. कार्डावरून कार्ड काढायचं मशीन असतं. दोन दिवस पुष्कळ झाले.

पण अजून एक गोष्ट सिद्ध व्हायची होती, की ही कार्डं त्याच डिझाईनची हायत. मी माझ्या बोटाने कार्ड ओळखलं, पण कार्डावरचं फूल मला वाचता येत न्हाय.

शनिवारी लूम सुरू झाले. साहेब, पंच, तपासणीस, शेठ, मुलगी, सगळे शेठच्या कारखान्यात. मी सील तोडलं आणि माळा बाहेर काढल्या. शेठने रुमाल नाकाला लावला. साहेबांनी विचारलं, शेठ, ही तुमची कार्डं काय? शेठ बघून बोलला, "ये तो पुट्ठा है, साहब. ट्रायल का. कचरा है ये." त्याला कळत नव्हतं आम्ही काय विचारतोय. नवीन डिझाईन आलं की आधी ट्रायलचा सेट पाडायचा, हातभर कापड काढायचं, शेठ बघणार, चूक दुरुस्त करायची, मंग पक्का सेट. ट्रायलचं हातभर कापड पण तो तिजोरीत टाकायचा. आणि ज्या कार्डांनी ते कापड काढलं ती गोणीत भरून गेटवर. शेठसाठी डिझाईन म्हणजे पडद्यावरची रंगीत फुलं. पुठ्ठा म्हणजे पुठ्ठा. गावातले सगळेच शेठ तसं करायचे, अजून पण करत असतील.

त्याच्या लूमवरच्या फिटरने माळा नंबराने जोडल्या आणि चढवल्या. शेठ कुरकुरला की लूमला वास लागेल. लूम सुरू झाला. कार्डांतून बोंबलाचा चुरा खाली पडत होता आणि कापड पुढे सरकत होतं. चार बोटं कापड निघालं आणि कार्डं संपली. पुरं डिझाईन न्हाय, तेवढा तुकडाच. पण नशिबाने त्या तुकड्यात कुयरीचा देठ आला होता.

देठाला एकच पान होतं.

लूम बंद केल्यावर माझ्या कानात नुसती शिट्टी वाजत होती. साहेबांनी बाजारातला तुकडा बाजूला धरला. एक पान. मंग शेठला विचारलं, हे दुसरं पान कधी आलं? शेठचा आवाज खाली आला. ट्रायल बघून मीच हिला रागावलो होतो, बोलला, पान राहिलंय, टाक. तिने त्याच दिवशी टाकलं.

तपासणीस पुढे आले. बोलले, म्हणजे एका पानाची फाईल मशीनमध्ये आता नाहीच. माझ्या रिपोर्टमध्ये लिहिलंय, नवीन ठेवली की जुनी राहत न्हाय. या मुलीने फाईल दिली असती तर बाजारात दोन पानं आली असती. हे कापड फाईलवरून निघालेलं न्हाय. हे या कार्डांवरून निघालंय.

जो रिपोर्ट ऐकून मी घाबरले होते तोच तिला सोडवून घेऊन आला. कुलूप कच्चं असतं तर कोणी काय पण बोललं असतं, आणि ती जन्मभर अर्धी चोर राहिली असती. सॉफ्टवेअरवाल्याला मी लगेच फोन करून सांगितलं.

मुलगी कार्डांकडे बघत होती. तिने तोवर कधी कार्डं हातात घेतली नव्हती, भोकं पाडायचं पंचिंगचं काम खाली चालायचं. बोट लावून भोकं बघितली आणि मला बोलली, "म्हंजे माझेच फुलांवर रोज बोंबील ठेवत होतो, मावशी?" आणि हसली. हसता हसता तिला रडू आलं. पंधरा दिवसांचं सगळं.

पुढे त्या फिटरने कबूल केलं, पण त्याच्यावर काय मोठं कलम बसेना, कारण माल शेठनेच पावती फाडून विकला होता. निनावी फोन कोणाचा ते कधी कळलं न्हाय, पण तो खरं बोलत होता, शेठच्याच दारातून गेला. साहेबांनी केसला सी समरी पाठवली, म्हणजे गैरसमजातून दिलेली फिर्याद. शेठने मुलीला परत बोलावलं. माफी मागितली न्हाय, नुसतं बोलावलं. ती गेली न्हाय. सॉफ्टवेअरवाल्याने तिला त्याच्या ऑफिसात घेतलं, गिऱ्हाईकांना कुलूप लावून द्यायच्या कामाला. तो मला सांगायचा, आता ती गिऱ्हाईकाकडे गेली की कॉम्प्युटर बघायच्या आधी मागच्या दाराने कचरा काय जातो ते विचारते.

लोक मला विचारतात, एवढ्या नोकरीत शिकलात काय. मी सांगते, मी त्या पडवीत उभी होते तेव्हा मला ती पोर वाचवायची होती, आणि वाचवायचा म्हणून जो रस्ता दिसत होता त्या रस्त्याने ती नक्की आत गेली असती. बोंबील परत सारले असते तर ती कार्डं आईने केव्हातरी चुलीत घातली असती, आणि कुलपाच्या रिपोर्टवरून तिला अटक झाली असती. मला त्याच्यातलं तेव्हा काय पण माहीत नव्हतं. मी लिहिलं ते शहाणपणाने न्हाय, नोकरी म्हणून लिहिलं. पण तेव्हापासून डोळ्याला दिसलं ते लिहायचं, आपल्याला आवडो न आवडो, हे मी कधी सोडलं न्हाय.

तिच्या आईने मात्र मला तेवढ्यावर सोडलं न्हाय. ती अजून बाजारात बसते, म्हातारी झालीय, मी पण झालेय. मी तिच्याकडूनच बोंबील घेते. प्रत्येक वेळी तागडी हातात घ्यायच्या आधी ती पाटीतली सगळी मासळी फडक्यावर ओतते, रिकामी पाटी माझ्या तोंडासमोर उलटी धरते आणि बोलते,

"बगून घे, बाय. काय लिवाचा हाय का?"

मी बघून घेते. मंग ती तोलते.